देवाच्या मधात ओवा

मधमाशीच्या पाठीवरही गोचीड असते हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं, आणि कळलं त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

मागच्या बाडीत, परसात, कपडे वाळत घालताना मला पायाशी एक माशी रांगताना दिसली. पंख चुरगळलेले, उडायची नुसती धडपड. चार पावलांवर दुसरी, नळाजवळ आणखी तीन-चार. मी एकीला काडीवर चढवून डोळ्यांजवळ आणलं. पाठीवर लालसर-तपकिरी ठिपका होता, तिळापेक्षाही लहान आणि चपटा. मला वाटलं, माती असेल. मी फुंकर मारली तर तो ठिपका चालायला लागला. मी काडी फेकून अशी किंचाळले की पुढच्या खोलीत रेडिओ ऐकत बसलेले बाबा धोतर सावरत धावत आले.

"काहून चिल्लावून राहिली? चावली का?"

मी त्यांना ठिपका दाखवला, पण त्यांना तो दिसेना. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते. डॉक्टर ऑपरेशनची तारीख देऊन देऊन थकले, पण बाबांचं एकच पालुपद, "रामनवमी होऊ द्या. मध मीच काढतो, मंग डोये काढा."

रायपूरला ब्राह्मणपाऱ्यात आमचं घर. पारा म्हणजे इकडचा मोहल्ला. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी वर्ध्याकडून इकडे आले आणि इथलेच झाले. बाबाही रेल्वेतच होते, पार्सल ऑफिसात. निवृत्त झाल्यावर त्यांनी बाडीत मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, आणि जांभळाच्या झाडाखाली मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवल्या होत्या. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मी दोन वर्षांपूर्वी सासर सोडून कायमची माघारी आले होते. नुकतंच नवं राज्य झालं होतं, एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरायला लागलं होतं, आणि भोपाळहून पोत्यांत भरून आलेल्या फायलींच्या गराड्यात मला टायपिस्टची नोकरी मिळाली होती. गावात रोज नवे लोक येत होते, भाडी वाढत होती. पाऱ्यातल्या बाया मात्र मला बघून अजून दार लोटून घ्यायच्या. नवऱ्याला टाकून आलेली, एवढीच माझी त्यांच्या लेखी ओळख.

बदनामी आमच्या घराला नवीन नव्हती. मी कॉलेजात असताना बाबांच्या ऑफिसातली काही पार्सलं फुटली, माल गेला, आणि संशय बाबांवर आला. अकरा महिने ते निलंबित होते. साहेबांनी त्यांना एक वाट सुचवली होती. थोडा हलगर्जीपणा झाला असं लिहून द्या, प्रकरण मिटवतो, उद्यापासून कामावर या. बाबांनी लिहून दिलं नाही. "जे केलं नाही ते केलं म्हणून मी मरेपर्यंत म्हणणार नाही," असं ते आईला सांगायचे, आणि आई मुकाट्याने लोकांचे पापड लाटायला घ्यायची. शेवटी ते निर्दोष सुटले. पण पाऱ्यात त्यांचं नाव पडलं ते पडलंच. पानठेल्यावरची टवाळ मंडळी त्यांना पाहिलं की हाक मारायची, "काय पार्सलबाबू!" बाबा मान खाली घालून पुढे जायचे. मी मात्र ऐकून घेणारी नव्हते. एकदा मी पायातली चप्पल काढून हातात घेतली होती, आणि माझ्या हातून काही घडायच्या आत आईने मला ओढत घरी नेलं होतं.

ते नाव पुसलं मधाने. बाबांचा मध इतका चोख निघायचा की पारखायला येणारे गप्प व्हायचे. कोणी ग्लासभर पाण्यात थेंब सोडून बघायचं, कोणी वात बुडवून जाळून बघायचं, आणि बाबा हाताची घडी घालून शांतपणे बाजूला उभे राहायचे. हळूहळू पाऱ्यातल्या देवळातून निरोप आला, रामनवमीच्या पंचामृताला मध तुमचा हवा. बाबा त्या दिवशी देवापुढे किती वेळ बसले होते! तेव्हापासून हंगामातली पहिली बरणी देवळात जायची आणि मगच आमच्या घरात बोट चाखायला मिळायचं. पार्सलबाबूचे ते आता मधवाले बाबूजी झाले होते. त्या एका बरणीवर माझ्या बापाची उरलेली सगळी इज्जत उभी होती, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी सुटी टाकून शेतकी कॉलेजातल्या एका सरांना गाठलं. रुमालात बांधून नेलेल्या अर्धमेल्या माश्या त्यांनी भिंगाखाली धरल्या आणि मलाही बघायला लावलं. आठ पायांचा तो किडा माशीच्या अंगाला चिकटून तिला आतून पीत होता. सर म्हणाले, हा किडा, माइट म्हणतात याला, पोळ्यातल्या पिल्लांच्या घरात शिरून वाढतो, म्हणून पिल्लं पंखांनी अधू होऊन बाहेर येतात. दुर्लक्ष केलं तर पेट्या रिकाम्या व्हायला वेळ लागत नाही.

"तेज दवाई मत डालना," त्यांनी बजावलं. "अजवाइन का फूल ले लो, उसकी भाप से माइट गिरता है। लेकिन पहले शहद निकाल लेना। और गर्मी बढ़े तो बिलकुल नहीं।"

मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. रामनवमीला अडीच आठवडे होते.

"सर बराबर बोलले," बाबा म्हणाले. "मध निघाल्याबिगर पेटीत काही टाकाचं नाही."

"तोवर पेटीत माश्या उरतील का, बाबा? रोज मूठ मूठ मरून पडतात. तुम्हाला दिसत नाही."

"दिसत नाही, आइकू येते मले." त्यांनी पेटीच्या लाकडावर तळहात टेकवला, नेहमी टेकवायचे तसा. "आवाज चांगला हाय. देवाले जाते तो मध. त्याच्यात काही टाकाचं नाही म्हणजे नाही."

"मग काढून घ्या ना आत्ताच!"

"कच्चा मध काढू? पानी सुटते त्याले. लोकं म्हणतील मिलावट केली."

आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी नाही नाही ते बोलले. तुम्हाला लोकांचीच पडली आहे, जिवंत माश्यांची नाही, असंही म्हणाले. बाबा उठून रेडिओ मोठा करून बसले. मला हट्टी माणसांचा भारी संताप येतो, आणि मी स्वतः त्यांतली पहिली आहे हे मला फार उशिरा लक्षात येतं.

आमच्या घरात एक बाटली असायची. वऱ्हाड-नागपूरकडच्या पुष्कळ घरांत असते. ओवाफूल (सरांचं अजवाइन का फूल ते हेच), पुदिनाफूल आणि कापूर हे तिन्ही खडे एका बाटलीत टाकून बूच लावून ठेवले की त्यांचं आपसूक पाणी होतं, वर एक थेंब पाणी घालावं लागत नाही. पोट दुखलं, दात दुखला, विंचू चावला, की काढायची ही थेंबाची बाटली. आई करायची, तिच्यामागे मी करत होते. बाबांना डोकेदुखीचा त्रास होता, तेव्हा ते दिवसातून दोन-तीनदा ते थेंब कपाळाला चोळायचे आणि रुमालावर घ्यायचे. आमच्या उशा, पंचे, देवघरातलं वस्त्र, सगळ्याला तो वास. पाहुणे दारातच नाक हुंगायचे. आम्हाला काही कळायचं नाही.

माझं डोकं तिथेच चाललं. नुसतं ओवाफूल आणलं तर बाबांना पत्ता लागेल. पण थेंबाच्या बाटलीत ओवाफूल आहेच की! वर पुदिना आणि कापूर, म्हणजे आणखी जालीम. आणि वासाचं म्हणाल तर घरभर तोच. मध बाटायची भीती होती, नाही असं नाही. पण भरलेल्या कोठड्यांवर माश्यांनी मेणाची झाकणं घातलेली असतात, वास आत कसा शिरेल, असं मी स्वतःला समजावलं. सरांचं अर्धं वाक्य मी घेतलं आणि अर्धं सोयीने तिथेच ठेवून आले.

बाबा दुपारी तासभर झोपायचे. त्या दिवसांत मी जेवणाच्या सुटीला लुना दामटत घरी यायचे, तोंडाला ओढणी बांधायचे, आणि जुन्या लुगड्याच्या घड्या थेंबांत भिजवून पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटींवर ठेवायचे. पहिल्या दिवशी भीतीने माझी गाळण उडाली. माश्या भरभर बाहेर आल्या आणि पेटीच्या तोंडाशी त्यांचा घोस लोंबायला लागला. मला वाटलं, झालं, घर सोडून निघाल्या. पण ऊन उतरल्यावर त्या परत आत गेल्या. मी पेटीच्या तळाला गोडंतेल लावलेला कागद सरकवून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी तो ओढून काढला तर त्यावर लाल ठिपकेच ठिपके चिकटलेले. इतके आत होते! मला शहारे आले आणि त्याच वेळी आनंदाने उड्या माराव्याशा वाटल्या. आठवडाभरात रांगणाऱ्या माश्या दिसेनाशा झाल्या. मी बाबांना म्हटलंसुद्धा, "बघा, आपोआप कमी झालं." ते म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?" मी त्यांच्या पाठीमागे तोंड दाबून हसले.

रामनवमीच्या तीन दिवस आधी मध काढला. बाबा यंत्राचा दांडा फिरवत होते, मी चौकटी देत होते. घट्ट, सोनेरी धार पातेल्यात पडायला लागली. देवाच्या आधी चाखायचं नाही, पण पारख म्हणून बाबा एक थेंब जिभेला लावायचे, तेवढी सूट त्यांनी स्वतःला दिली होती. त्यांनी थेंब लावला आणि थोडा वेळ जीभ टाळूला लावून उभे राहिले.

"जरा थंड लागते का यंदा?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी बोट बुडवून चाटलं. खरंच सांगते, मला काही कळलं नाही. दोन आठवडे माझी बोटं त्याच थेंबांत होती, माझ्या तोंडाला तीच चव होती. पण पाल चुकचुकली ती चुकचुकलीच, आणि तरी मी म्हणाले, "कडुलिंब फुललाय ना बाबा, त्याचा असेल."

"असंन," बाबा म्हणाले. त्यांनी बरणीला फडकं बांधलं आणि स्वतः देवळात नेऊन दिली.

रामनवमीला दुपारी बाराला जन्म झाला, पाळणा हलला, सुंठवडा वाटला, आणि पुजारीबुवा पितळेचं मोठं पातेलं घेऊन पंचामृताला बसले. पुढे लहान पोरांची रांग. भोपाळहून नव्याने आलेल्या एका बाईंच्या कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी होती, तिच्या तोंडात आईने पळीभर पंचामृत घातलं. मुलीने डोळे विस्फारले, तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळं आईच्या पदरावर थुंकून टाहो फोडला. मागचा पोट्टाही थुंकला, त्याच्या मागची पोट्टीही.

"ये क्या पिला दिया बच्ची को? फिनाइल है क्या?" त्या बाई ओरडल्या.

पुजारीबुवांनी स्वतः तळहातावर घेऊन चाखलं आणि त्यांचा चेहरा पडला. मी पाच हातांवर उभी होते. देवाच्या दारात, भर रामनवमीला, देवाच्या तोंडाला लावलेलं तीर्थ लोक थुंकत होते! कोणीतरी दूध फाटलं का विचारलं, कोणी दही हुंगून बघितलं. मग एका म्हाताऱ्याचा आवाज आला.

"मध कोनाचा हाय?"

कोणाचा ते अख्ख्या देवळाला माहीत होतं. तरी मागून कोणीतरी बोललंच, "पार्सलबाबूचा."

इतक्या वर्षांनी तेच नाव! या माणसांनी ते कुठे जपून ठेवलं होतं इतके दिवस? मला पुढे व्हायचं होतं. मी केलंय, मला विचारा, असं ओरडायचं होतं. एरवी कोणाच्याही अंगावर धावून जाणारी मी, त्या वेळी जागची हललेसुद्धा नाही.

गर्दी बाजूला झाली आणि बाबा पुढे आले. त्यांनी पुजारीबुवांपुढे हात केला. पंचामृत घेतलं, प्यायले, तळहात डोक्याला पुसला. देवळातली दुधा-तुपाची, उदबत्तीची हवा वेगळी होती, तिथे त्यांच्या जिभेला कळलं. मला ते त्यांच्या खांद्यांवरून दिसलं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

"मिलावट नाही हे," ते म्हणाले. "थेंबाची बाटली माह्या हातून बरणीत सांडली. मले नीट दिसत नाही आता."

"सांडली हे तुम्हाले माहीत होतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हव."

"आन् माहीत असून देवाले पाठवली?"

"हव," बाबा म्हणाले.

अकरा महिने चूल विझायची वेळ आली तरी ज्या माणसाने न केलेल्या गोष्टीला हो म्हटलं नव्हतं, तो माणूस शंभर लोकांपुढे हव हव करत उभा होता. आणि खरं सांगत होता तेव्हा ज्यांना ते पटलं नव्हतं, त्यांना हे एका क्षणात पटलं. कोणी उलट प्रश्न केला नाही. पुजारीबुवांनी पातेलं उचललं आणि मागच्या विहिरीपलीकडे पंचामृत ओतून टाकलं. त्याचा तो आवाज ऐकताना बाबांची मान खाली होती.

घरी येऊन मी दार लावलं आणि रडायलाच लागले. सगळं कबूल केलं, घड्या, बाटली, कागद, सगळं. बाबा मागच्या ओट्यावर बसून ऐकत होते. मी शेवटी किंचाळले, "पण तुम्ही काहून आपल्या अंगावर घेतलं?" माझी भाषाही त्यांच्यासारखी झाली होती.

"माश्या वाचल्या?" त्यांनी विचारलं.

"वाचल्या."

"मंग झालं तर." मग ते म्हणाले, "माहं नाव एकदा गेलं होतं. मले सवय हाय त्याची. तुह्या मागं आधीच लोकं लागले हायेत, त्यात देव बाटवला म्हनून आनखी लागतीन. तुले याच पाऱ्यात राहाचं हाय, माह्यानंतर बी."

"मी उद्या जाऊन बुवांना खरं सांगणार आहे."

"जाऊ नको."

"जाणार," मी म्हणाले. या वेळी तरी माझा हट्ट बरोबर आहे, याची मला खात्री होती. बाबांनी कपाळाला लावायला थेंब मागितले आणि मी बाटली आणून दिली, तेव्हा बूच उघडून ती हातात धरून नुसते बसले.

सकाळी मी आंघोळ करून देवळात गेले. पुजारीबुवा फुलं निवडत होते. मी चप्पल काढतानाच बोलायला सुरुवात केली. एका दमात सांगितलं, माइट काय असतो, सर काय म्हणाले, मी चोरून काय केलं, बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. बुवा मला मध्ये न थांबवता ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट त्यांचे डोळे भरून आले होते.

"ताई, बसा," ते म्हणाले. "बाबूजी सकायीच येऊन गेले. सांगून गेले मले. म्हने, पोरगी येईन, म्हनेन मी केलं. तिचा बापावर लय जीव हाय, मले वाचवाले खोटं बोलून राहिली. तुम्ही मनावर घेऊ नका, पन तिले रागावू बी नका."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी भांडायलाच उठले. नाही, मी खरं बोलतेय, घरी चला, तो तेलकट कागद दाखवते, चारी पेट्यांतल्या घड्या दाखवते! बुवा मान हलवत राहिले, हट्टी पोराची समजूत घालताना हलवतात तशी. त्यांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "लेक असावी तं अशी."

मी तशीच घरी आले. पेट्या उघडल्या, तर लुगड्याची एकही घडी आत नव्हती. तळाचे कागद नव्हते. त्या अधू डोळ्यांनी, जाळी न बांधता, त्यांनी ते सगळं पहाटेच कधीतरी काढून टाकलं होतं. ओट्यावर बाबा बसले होते, दोन्ही मनगटं सुजलेली.

संध्याकाळपर्यंत बुवांच्या तोंडून ही गोष्ट पाऱ्यात पसरली. देवळात मध देणं बाबांनी बंद केलं, आणि त्यांच्याकडे मध घ्यायलाही मग कोणी फिरकलं नाही. ते पानठेल्यावरून जाताना पुन्हा जुनी हाक ऐकू यायला लागली. आणि एका संध्याकाळी मी ऑफिसातून येत होते तेव्हा समोरच्या घरातली बाई, जी मी आल्यापासून दोन वर्षं मला बघून दार लोटून घेत होती, ती बाहेर येऊन उभी राहिली. बापासाठी आळ अंगावर घ्यायला निघालीस म्हणे, अशी पोरगी आजकाल कुठं पाहायला मिळते, ये, आत ये, असं म्हणाली. तिने माझा हात धरला होता. तिला सांगायचे शब्द माझ्या तोंडाशी आले होते.

मी आत गेले, बसले, आणि तिने दिलेला चहा प्याले.